टचपॅड बंद पडल्यानंतरचे आठ महिने आणि एफ-११ची कटकट

गेल्या जुलैत माझ्या लॅपटॉपचे टचपॅड बंद पडले. सर्व्हिस सेंटरने वरचा संपूर्ण पॅनेल बदलावा लागेल असे सांगून ४,८०० रुपयांचा आकडा समोर ठेवला, आणि सहा वर्षे वापरलेल्या यंत्रावर तेवढा खर्च करणे मला पटले नाही. साडेतीनशे रुपयांचा माऊस आणला खरा, परंतु मी चार गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहीत असल्यामुळे टेबलावर व्हाउचरांच्या फायलींतून तो सरकवायला जागाच सापडत नाही. म्हणून विंडो मोठ्या करणे, लपवणे, बदलणे हे सारे कीबोर्डवरूनच करायचे ठरवले.

पहिले दोन महिने मी विंडोजचे बटण आणि वरचा बाण यांनाच फुल स्क्रीन समजत होतो. त्याने विंडो पसरते, पण शीर्षकाची पट्टी आणि खालचा टास्कबार (घड्याळ आणि प्रोग्रॅमांची चिन्हे असलेली पट्टी) जागचे हलत नाहीत. विंडोज १०मध्ये हा टास्कबार ४० पिक्सेलचा असतो, आणि माझ्या १३६६ बाय ७६८च्या स्क्रीनवर तेवढ्यात एक्सेलच्या दोन ओळी मावतात. खातेवहीत सतत वर-खाली करणाऱ्याला दोन ओळींची किंमत कळते.

मग या पट्ट्याही लपवून खरी फुल स्क्रीन देणारे एफ-११ ब्राउझरमध्ये वापरू लागलो आणि खरा मनस्ताप तिथून सुरू झाला. माझ्या कीबोर्डवर त्याच बटणावर विमानाचे चित्र आहे, त्यामुळे सोबत एफ-एन (बटणाचे दुसरे काम चालू करणारी ‘Fn’ कळ) दाबायचे राहिले की वाय-फाय बंद! एकदा तर कार्यकारिणीच्या ऑनलाइन सभेत थकबाकीचा विषय निघाला असतानाच मी असा गायब झालो, आणि मी मुद्दाम निघून गेलो असा एका सभासदांचा समज झाला. शेवटी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वरच्या ओळीची बटणे एफ-एनशिवाय चालतील अशी सोय करून घेतली. बाहेर पडण्याचाही घोळ आहेच: यूट्यूबचा व्हिडिओ ‘एफ’ दाबून मोठा केला असेल तर एस्केपने परत येतो, पण एफ-११ने मोठा केलेला क्रोम एस्केपच्या एका टिचकीला दाद देत नाही, त्याला पुन्हा एफ-११ दाबावे लागते.

हात या बटणावर बसला आणि नवीच पंचाईत उभी राहिली. एक्सेलमध्ये एफ-११ दाबले की फुल स्क्रीन होत नाही, तर समोरच्या आकड्यांचा आलेख वेगळ्या शीटवर तयार होतो. ऑक्टोबरचा हिशेब पाठवल्यावर सेक्रेटरींनी फोन करून विचारले, “अहो, हे चार्ट१, चार्ट२, चार्ट३ कशासाठी काढलेत? थकबाकीदारांचे खांब नोटीस बोर्डावर लावायचे आहेत का?” तेव्हापासून मी एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एफ-१ दाबून रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, मिटवण्यावर समाधान मानतो. लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचात कंट्रोल-शिफ्ट-जे दाबले की खरोखरच फुल स्क्रीन मिळते, पण तेही आणखी एक वेगळे पाठांतर. पीडीएफ वाचायच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये ते काम कंट्रोल-एल करते, आणि तेच ब्राउझरमध्ये दाबले तर कर्सर पत्त्याच्या पट्टीत जाऊन बसतो.

इथवरचा मजकूर मी डिसेंबरात लिहून ठेवला होता आणि हा सारा खटाटोप निरुपयोगी आहे असे मत देणार होतो. त्यानंतर व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून दिसणारे वेगवेगळे डेस्कटॉप, नीट वापरून पाहिले आणि मत बदलावे लागले. ही सोय विंडोजमध्ये २०१५पासून आहे, मी मात्र तिला हौशी लोकांचा खेळ समजत होतो. विंडोज-कंट्रोल-डी दाबून दुसरा डेस्कटॉप उघडायचा, एकावर बँकेचे स्टेटमेंट फुल स्क्रीन आणि दुसऱ्यावर खातेवही ठेवायची, मग विंडोज-कंट्रोल दाबून डाव्या-उजव्या बाणाने ये-जा करायची. रक्कम तिकडे वाचून इकडे टाकण्यात आता नजर हरवत नाही, आणि बँक जुळवणीचे काम पूर्वीपेक्षा लवकर उरकते. जास्तीचा डेस्कटॉप विंडोज-कंट्रोल-एफ-४ने बंद होतो आणि त्यावरच्या विंडो शेजारच्या डेस्कटॉपवर जातात. यात विंडोजचे बटण निसटले तर मात्र उरलेले कंट्रोल-एफ-४ चालू टॅबच मिटवते.

फुल स्क्रीनमध्ये घड्याळ दिसत नाही, ही तक्रार राहतेच. विंडोजचे बटण एकदा दाबले की टास्कबार वर येतो, पण तेवढे भान राहिले नाही म्हणून दोनदा दूध उतू गेले. टचपॅड अजून बदललेले नाही, बदलणारही नाही. एफ-११चा राग मात्र कायम आहे. वर्कबुक पाठवण्यापूर्वी कंट्रोल-पेजडाउनने एकेक शीट तपासण्याची सवय लावून घेतली आहे, आणि या महिन्यातही तिथे एक चार्ट१ सापडलाच.