४५ अंशांच्या मुलखातील वाइन

अचलपूर तालुक्यातील आमच्या गावात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी किमतीत मिळणाऱ्या देशी वाइन मी गेली काही वर्षे आवडीने विकत घेतो आणि प्रत्येक बाटलीची चव वहीत टिपून ठेवतो. त्या टिपणांवरून माझे असे मत झाले आहे की, आपल्या भागात वाइन निवडताना द्राक्षाच्या जातीइतकेच महत्त्व ती बाटली कोणत्या महिन्यात आणि दुकानातील कोणत्या फळीवरून घेतली, याला द्यावे लागते.

हे मला एका बाटलीने शिकवले. दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात मी तालुक्याच्या ठिकाणाहून एक लाल वाइन आणली होती. ती पश्चिमेकडे तोंड असलेल्या काचेच्या कपाटात उभी ठेवलेली होती आणि तिच्यावर रोज दुपारचे ऊन येत असणार, हे माझ्या नंतर लक्षात आले. घरी वरचे वेष्टन काढले, तेव्हा बूच गव्हाच्या दाण्याएवढे वर सरकलेले होते आणि त्याच्या कडेने खाली काळपट, चिकट ओघळ वाळला होता. पेल्यात ओतलेल्या वाइनचा रंग विटकरी होता, आणि फळाच्या वासाऐवजी तिला काकवीचा वास येत होता. उष्णतेने वाइन प्रसरण पावते, बूच वर ढकलते, आणि मग आत शिरलेली हवा उरलेली चवही घालवते. तयार करणाऱ्याने वर्षभर घेतलेले कष्ट असे एका कपाटात वाया गेलेले पाहून मला फार वाईट वाटले. मी स्वतः संत्रा उत्पादक आहे. तोडलेला माल उन्हात राहिला तर त्याचे काय होते, हे मला कोणी सांगायला नको.

तेव्हापासून मी वर्षाची खरेदी डिसेंबर-जानेवारीत उरकतो. दुकानदाराला दर्शनी बाटलीऐवजी आतल्या खोक्यातील बाटली काढून मागतो, लेबलवरचे वर्ष वाचतो आणि पांढरी वाइन दोन वर्षांहून जुनी असेल तर परत ठेवतो, कारण या किमतीच्या पांढऱ्या वाइन साठवून मुरवण्यासाठी केलेल्याच नसतात. फिरकीचे झाकण असलेली बाटली हलक्या प्रतीची, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. बूच कोरडे पडून आकसण्याची भीती त्या झाकणाला नसते, त्यामुळे आपल्या कोरड्या हवेत मला तर तेच अधिक भरवशाचे वाटते. घरी बाटल्या जुन्या मातीच्या घरातील मधल्या खोलीत, जमिनीलगत आडव्या ठेवतो.

या पद्धतीने घेतलेल्या वाइनमध्ये मला सर्वांत जास्त समाधान सुला या कंपनीच्या शेनिन ब्लाँने दिले. याच नावाच्या द्राक्षाची, नाशिकची ही पांढरी वाइन किंचित गोडसर आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी काही जाणकार तिच्याकडे दुर्लक्ष करतात. त्यांनी ती एकदा पाटोडी रश्श्याबरोबर घेऊन पाहावी. आमच्या वहिनींच्या हातचा रस्सा लाल तिखटाने आणि खोबऱ्याच्या वाटणाने जिभेवर पेट घेतो. अशा वेळी लाल वाइनचा तुरटपणा तिखटाची आग आणखी वाढवतो, तर शेनिनची जराशी गोडी ती शमवते आणि मागून येणारा आंबटपणा तोंड स्वच्छ करतो. तिला पिकू लागलेल्या पेरूचा वास आहे. ती मात्र चांगली थंड, ८ ते १० अंशांवर असावी. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली वीस मिनिटे बुडवून ठेवली की काम होते. नुसत्या बर्फात तेवढा गारवा लवकर येत नाही, कारण पाणी बाटलीला चहूबाजूंनी भिडते.

सॉव्हिन्यों ब्लाँ ही दुसरी पांढरी वाइन अधिक कोरडी, म्हणजे कमी गोड असते, तिला हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास असतो. हुरड्याच्या दिवसांत ती छान लागते. मसालेदार जेवणापुढे मात्र ती मला अपुरी वाटली.

लाल वाइनमध्ये माझी निवड सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सांजोव्हेसे ही आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ, आणि सांजोव्हेसे हे द्राक्षही इटलीचेच. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची एप्रिलमध्ये नव्या फुटीसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी होते, त्यामुळे युरोपात शरद ऋतूत तोडले जाणारे हे फळ आपल्याकडे हिवाळ्याच्या अखेरीस तोडणीला येते. पाणी तोडून, ताण देऊन संत्र्याचा बहार धरणाऱ्या आम्हा बागायतदारांना झाडाचे वेळापत्रक असे बदलणे परिचयाचे आहे, म्हणूनच मला या वाइनविषयी जास्त आपुलकी वाटते. तिला मेळघाटातील करवंदांसारखा आंबट-तुरट स्वाद आहे, आणि तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताचा धुरकट वास तिला अगदी शोभून दिसतो. भरितात हिरवी मिरची बेताची असावी, एवढीच अट.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम थंड देशांतील खोल्यांसाठी आहे. आपल्या खोलीत उन्हाळ्यात रात्रीही ३० अंशांहून अधिक उष्मा असतो आणि त्यात लाल वाइनमधील मद्याचा उग्रपणाच तेवढा पुढे येतो. हिवाळ्यात अर्धा तास आणि उन्हाळ्यात तासभर फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांच्या जवळ आणल्यावर तीच सांजोव्हेसे पार बदलते. गेल्या डिसेंबरात घेतलेल्या तीन बाटल्यांपैकी एक मी मुद्दाम जूनपर्यंत मधल्या खोलीत राखून ठेवली होती. पहिल्या पावसाच्या रात्री ती उघडली, तेव्हा बूच जागेवर होते आणि करवंदाचा वासही तसाच होता.