भ्रूणरोपणानंतर अंथरूण की अंगण?

आयव्हीएफ (स्त्रीबीज व शुक्राणूचे शरीराबाहेर मीलन घडवण्याच्या) उपचारात भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर पूर्ण विश्रांती घ्यावी की नेहमीसारखे हिंडावे-फिरावे, हा प्रश्न घरोघरी उठतो आणि ‘आता जागची हलू नकोस’ हे वडीलधाऱ्यांचे उत्तर काळजीपोटीच आलेले असते. मात्र गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना लगटून असल्यामुळे उभे राहिल्याने किंवा शौचास बसल्याने भ्रूण घरंगळून बाहेर पडत नाही आणि पडून राहिल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढते, असेही अभ्यासांत आढळलेले नाही. उलट दिवसचे दिवस अंथरुणात काढल्यास बद्धकोष्ठता व पाठदुखी वाढते, आणि संप्रेरकांच्या औषधांमुळे आधीच वाढलेला रक्ताच्या गुठळीचा धोका आणखी बळावतो. शिवाय रिकामे मन गर्भचाचणीच्या निकालाच्या तारखेभोवतीच घुटमळत राहते, ते वेगळेच.

चालणे मला त्याहून निश्चितच उजवे वाटते, पण सरसकट नव्हे. स्त्रीबीजे वाढवणाऱ्या इंजेक्शनांच्या काळात आणि स्त्रीबीजे काढल्यानंतर काही दिवस अंडाशय फुगलेले असतात व त्यांना पीळ बसू शकतो. म्हणून तेव्हा धावणे, उड्या आणि कंबर पिळणारी आसने टाळावीत. गर्भ राहिल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुचवलेली आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाचे चालणे, हळूहळू गाठता येते. रक्तस्राव झाल्यास किंवा वार (गर्भाला पोषण पुरवणारा अवयव) गर्भाशयात खाली असल्यास मात्र किती हिंडावे हे डॉक्टरांनीच ठरवावे.