एचएमडीबी : अमेरिकेतल्या रस्त्याकडेचे इतिहास-फलक शोधायचे असतील तर

व्हर्जिनियात यूएस १ सारख्या जुन्या हायवेवरून जाताना कडेला खांबावर रुपेरी फलक दिसतात. काळी अक्षरं, माथ्यावर राज्याची मुद्रा, सोबत 'ई' हे अक्षर आणि एक आकडा, म्हणजे फलकाचा क्रमांक. १९२७ पासून हे राज्य असे फलक लावतंय आणि आता त्यांची संख्या अडीच हजारांवर गेली आहे. ताशी ५५ मैलांच्या वेगात शीर्षक वाचून होईपर्यंत फलक मागे पडलेला असतो. त्यासाठी हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस, म्हणजेच एचएमडीबी डॉट ऑर्ग, ही फुकट साइट आहे. जे. जे. प्रॅट्स यांनी ती २००६ मध्ये सुरू केली. नोंदी हौशी मंडळी पाठवतात, संपादक तपासून प्रसिद्ध करतात. दोन लाखांहून जास्त नोंदी झाल्यात, आणि अमेरिकेत गाडीने फिरणाऱ्याने ही साइट वापरलीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदीत फलकाचा पूर्ण मजकूर, फोटो, अक्षांश-रेखांश आणि आसपासच्या फलकांची यादी मिळते. पण सगळ्यात मोलाची ओळ असते ती फलक कोणी आणि कोणत्या साली उभारला याची. मजकुराआधी ती वाचा. दक्षिणेतल्या राज्यांत यादवी युद्धाची कितीतरी स्मारकं 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशज स्त्रियांच्या संघटनेने युद्ध संपून चाळीस-पन्नास वर्षं झाल्यावर उभारली. त्यांवरचा मजकूर १८६० च्या दशकाबद्दल जेवढं सांगतो, त्याहून जास्त तो ती उभारणाऱ्यांच्या काळाबद्दल सांगतो. नुसता फलक वाचून हे कळत नाही. साल आणि संस्था एकत्र पाहिली की लगेच उमगतं. जुन्या फलकांच्या नोंदीत हे साल बऱ्याचदा कोरं असतं, ही मोठी उणीव आहे.

फलक उभा राहणं आणि टिकणं हाही इतिहासच आहे. मिसिसिपीत टॅलाहॅची नदीकाठी ग्रॅबॉल लँडिंगला एमेट टिलचा फलक आहे. १९५५ मध्ये त्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला आणि प्रेत नदीत टाकलं गेलं. तिथला पहिला फलक २००८ मध्ये उखडून नेला. दुसऱ्याची गोळ्यांनी चाळण केली. २०१८ मध्ये तिसरा लावला, त्यावर महिना-सव्वा महिन्यातच गोळ्या झाडल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथा बसवला, तो बुलेटप्रूफ आणि पाचशे पौंडांहून जड आहे. म्हणून कुठलीही नोंद उघडली की फोटोंच्या तारखा जरूर पाहा आणि फलक गायब किंवा बदललेला असल्याची टीप आहे का तेही बघा. रस्ता रुंद करताना हलवलेले फलकही पुष्कळ असतात.

आता प्रत्यक्ष वापर. ठिकाणाचं वर्णन 'उत्तरेकडे जाताना उजव्या हाताला' असं असतं. ते वाचल्याशिवाय नुसते आकडे मॅपमध्ये टाकू नका. मधे दुभाजक असला तर मॅप तुम्हाला पलीकडच्या बाजूला नेऊन सोडतो आणि यू-टर्न दोन-तीन मैलांवर असतो. जवळच्या फलकांची अंतरं सरळ रेषेत मोजलेली असतात. मधे नदी असेल तर 'अर्धा मैल' म्हणजे पुलापर्यंतचा मोठा वळसा. खेड्यापाड्यांत नेटवर्क जातं, तेव्हा लागणाऱ्या नोंदी निघण्याआधीच सेव्ह करा. इंटरस्टेटच्या, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या वेगवान महामार्गाच्या, कडेला फलकासाठी गाडी थांबवायची नाही. जुन्या हायवेवरसुद्धा गाडी पूर्णपणे पांढऱ्या रेषेबाहेर गेली तरच थांबा.

फलक आहे म्हणजे घटना तिथेच घडली, असंही धरून चालू नका. टेक्ससमधल्या पोर्वेनिरला जानेवारी १९१८ मध्ये पंधरा मेक्सिकन पुरुष आणि मुलांना ठार मारण्यात आलं. त्याचा २०१८ चा फलक यूएस ९० वर आहे. मूळ जागा तिथून कित्येक मैल दूर आहे.

मजकूर हाताने टाइप केलेला असतो, त्यामुळे चुका राहतात. कुठे उद्धृत करायचा असेल तर फोटोशी ताडून घ्या. चूक दिसली तर दुरुस्ती पाठवता येते, आणि ती पाठवावीच. नवी नोंद करायची असेल तर एक फोटो समोरून, अक्षरं वाचता येतील असा, आणि एक लांबून, आजूबाजूचा रस्ता दिसेल असा काढा. ओतीव ॲल्युमिनियमवर भर दुपारी चकाकी येते. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असलं की उठावाची अक्षरं स्पष्ट येतात.

सर्च हा साइटचा कच्चा दुवा. 'इंडियन' टाकलं की बहुतेक मूळ रहिवाशांचेच फलक येतात. आपल्या लोकांच्या खुणा शोधायच्या तर 'एशियन अमेरिकन्स' हा विषय निवडा, किंवा शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकी वृत्तपत्रं सगळ्याच भारतीयांसाठी वापरत तो 'हिंदू' हा शब्द टाकून पाहा. अमेरिकेतल्या भारतीयांनी ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभारलेल्या १९१३ च्या गदर चळवळीत पांडुरंग खानखोजे आणि विष्णु गणेश पिंगळे हे आपले मराठी लोकही होते. ओरेगॉनमधल्या ॲस्टोरियात, जिथे तिची स्थापनेची बैठक झाली, २०१३ मध्ये तिच्या शताब्दीचा फलक लागला. गदरचं स्पेलिंग एच घालून आणि वगळून, दोन्ही तऱ्हांनी शोधा.

कबरीवरचे दगड मात्र ही साइट सहसा घेत नाही. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला डॉ. आनंदीबाई जोशींच्या स्मृतिशिलेपर्यंत जायचं असेल तर 'फाइंड अ ग्रेव्ह' ही दुसरी साइट उघडा आणि पोकीप्सी रूरल सेमेटरीत, अमेरिकेत त्यांना आधार देणाऱ्या कारपेंटर कुटुंबाची जागा विचारा.