टोकं पंचवीस, तरी तारा चूक

जालन्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून यंदा नाताळचा घडीचा तारा आणला. घरी आपणच जोडायचा, किंमत ४५० रुपये. खोक्यावर ‘२५ टोकं’ वाचलं आणि गणिताच्या बाईचा हात आपोआप पर्समध्ये गेला.

कागद चांगलाय. जाड, फिकट पिवळा, घड्या आधीच पाडलेल्या. वायर मात्र इनमिन हातभर, त्यामुळं एक्स्टेंशन लागलंच. आत एलईडीच लावा, जुन्या गरम बल्बनं कागद करपतो.

सोबतच्या चिठ्ठीवर छापलंय, ‘दोन हजार वर्षांची परंपरा’. इथं मी अडले. पूर्वेकडच्या मागी म्हणजे ज्ञानी लोकांना तारा दिसला ही बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली गोष्ट जुनी, कबूल. पण हा पंचवीस टोकांचा कागदी तारा निघाला जर्मनीतल्या निस्की गावच्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेतून, १८३०च्या दशकात, आणि तोही भूमितीच्या तासाला! पोरांना घनाकृती समजाव्यात म्हणून गुरुजींनी करायला लावलेला. पुढं नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी तो टांगायची रीत पडली, आणि १८९७च्या सुमारास जवळच्या हेर्नहूट गावात पीटर फरबेक यांनी तो विकायला काढला. एवढं चिठ्ठीत असतं तर मी पन्नास रुपये जास्तीचे दिले असते. ‘बाई, हे शिकून उपयोग काय’ असं नववीतली लेकरं दरवर्षी विचारतात. त्यांच्या हातात ती चिठ्ठीच ठेवली असती.

आता मुख्य तक्रार. या ताऱ्याच्या गाभ्याला २६ बाजू: १८ चौकोन, ८ त्रिकोण. एका चौकोनातून वायर आत जाते, म्हणून टोकं उरतात १७ चौकोनी बुडाची आणि ८ त्रिकोणी बुडाची. माझ्या खोक्यात निघाली १६ आणि ९. बेरीज बरोबर, तारा चूक! आणि हे कळलं रात्री अकराला, चोवीस टोकं जोडून झाल्यावर. चौकोनी भोकात त्रिकोणी टोक काय बसणार?

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. मालक म्हणाले, “बाई, ती बाजू भिंतीकडं करा, कोण मोजतंय?”

“मी मोजतेय की.”

दुसरं खोकं फोडायला ते काही तयार होईनात. बऱ्याच घासाघिशीनंतर चाळीस रुपये परत मिळाले.

माझी आजी बेथेलची. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ वसवलेलं ते गाव. तिच्या ताऱ्याला पाचच टोकं असायची: बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, घरी शिजवलेली खळ, आत चिमणी. शेजारच्या काकू दिवाळीचा आकाशकंदील उतरवला की त्याच्या कामट्या आमच्याकडं धाडायच्या. डब्यातून करंज्या यायच्या त्या वेगळ्याच, आणि नाताळला आमच्या करंज्या तिकडं जायच्या. ‘नाताळ’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला, पण आजीला सांगितलं असतं तर तिनं मलाच वेड्यात काढलं असतं. तिच्या लेखी करंजी नाही तर नाताळ नाही, बाकी केकबिक साहेबाचं.

तर, घ्यावा का? घ्या. उजेड फार सुरेख पडतो, आणि घरात सहावी-सातवीतलं पोरगं असेल तर एक संध्याकाळ मजेत जाते. फक्त पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच खोकं उघडून सतरा आणि आठ मोजून घ्या. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

माझ्या ताऱ्याचं उरलेलं टोक मीच केलं. मैद्याची खळ शिजवली आणि संक्रांतीच्या पतंगांसाठी आणलेला लाल ताव कापला. चोवीस टोकं पिवळी, एक लालभडक. तीच बाजू मी मुद्दाम रस्त्याकडं केलीय.