अभिनंदन, तुमचे पाच गुण वाढले

एमबीएच्या प्रवेशासाठी देतात त्या जीमॅट परीक्षेच्या व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजी आकलनाच्या भागात, ‘किमान पाच गुण वाढवून देऊ, नाहीतर पूर्ण फी परत’ अशी हमी देणाऱ्या एका ऑनलाइन क्लासने मला पद्धतशीर गंडवलं. पैसे गेले ते गेलेच. पण कोणत्या हिशोबाने गेले ते सांगते, कारण तो क्लास अजून नव्या बॅच भरतोय.

क्लास लावण्याआधी मी जीमॅट घेणाऱ्या संस्थेच्या दोन मोफत सराव परीक्षांपैकी एक दिली होती. व्हर्बलमध्ये ७७ आले. पहिल्याच फोनवर तिकडच्या मॅडमना हे सांगितलं, तर त्या हसल्या. “तो आकडा विसरा. आमची डायग्नोस्टिक चाचणी द्या, मग खरं काय ते कळेल.” दिली. आले ७१. व्हर्बलचे गुण मुळात ६० ते ९० मध्येच मोजतात, म्हणजे सहाने घसरण ही काही किरकोळ गोष्ट नाही. मी अशी घाबरले की त्याच रात्री फी भरून मोकळी झाले.

त्या डायग्नोस्टिकमध्ये घड्याळ ३५ मिनिटांचं होतं. खऱ्या परीक्षेत २३ प्रश्नांना ४५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांना थोडी कमी. इथे प्रश्न तेवढेच आणि दहा मिनिटं गायब. मला तेव्हाही ते दिसलं होतं. वाटलं, क्लास कडक आहे, चांगलंच आहे!

मग शिकवणी. पहिले तीन आठवडे सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्यदुरुस्ती. आता हा प्रश्नप्रकार २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या जीमॅटमध्ये उरलेलाच नाही; व्हर्बलमध्ये फक्त रीडिंग कॉम्प्रिहेन्शन (आरसी), म्हणजे उताऱ्यावरचे प्रश्न, आणि क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासणारे प्रश्न, आहेत. सरांना विचारलं तर म्हणाले, “व्याकरण पक्कं झालं की आरसी आपोआप सुधारते.” खरी गोष्ट एवढीच की जुन्या नोट्स तयार होत्या आणि नव्या कोणी बनवल्याच नव्हत्या. ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ची पानंच्या पानं मी इमानेइतबारे पाठ केली.

जाहिरातीतले यशस्वी विद्यार्थी तरी नीट बघायला हवे होते. एकाचे व्हर्बल २८ वरून ४२. दुसरीचे एकूण ७२०. नव्या परीक्षेत ४२ हा व्हर्बलचा गुणच नाही. आणि एकूण गुण २०५ ते ८०५ असे दहा-दहाच्या टप्प्याने जातात, म्हणजे प्रत्येक निकालाच्या शेवटी ५ असतोच. ७२० कोणालाही मिळू शकत नाहीत. ती मुलं जुन्या परीक्षेतली असतील किंवा कल्पनेतली. मी देणार होते त्या परीक्षेशी त्यांचा संबंध नव्हता, आणि हे तपासायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

क्लासच्या शेवटच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, मला ८४ मिळाले. त्या दिवशी फार खूश होते. पण मधमाश्यांवरचा एक उतारा उघडला आणि प्रश्न पूर्ण वाचायच्या आत बोट ‘डी’वर गेलं होतं. तो आधीच्या गृहपाठात होता. असे बरेच निघाले. बॅचमधल्या मैत्रिणीशी ताडून पाहिलं तर तिलाही तेच २३ प्रश्न, त्याच क्रमाने. खरी जीमॅट तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न सोपे-अवघड करत जाते. दोघींचा पेपर सारखा निघणं शक्यच नाही.

परीक्षेत आले ७६. क्लासच्या आधीपेक्षा एक कमी.

फी परत मागितली. उत्तराची सुरुवातच ‘अभिनंदन!’ने. आरंभीचे गुण ७१, अंतिम गुण ७६, वाढ ५, हमी पूर्ण. ‘आरंभीचे गुण म्हणजे आमच्या डायग्नोस्टिकचे गुण’ हे वाक्य अटींमध्ये खरंच होतं, मी वाचलं नव्हतं. ७७चा स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर काहीच उत्तर नाही. गृहीतक ओळखा, अशा प्रश्नांचा रोज फडशा पाडत होते आणि आपल्याच व्यवहारातलं गृहीतक मला दिसलं नाही. असो.

आठवड्याने पुन्हा फोन. जादा पैसे भरले तर ‘मागच्या महिन्यात प्रत्यक्ष आलेले प्रश्न’ देतो म्हणे. या भानगडीत अजिबात पडू नका. खरे प्रश्न फोडणाऱ्या एका संकेतस्थळावर परीक्षा संस्थेने खटला भरून २००८ मध्ये तो जिंकला होता, आणि तिथले प्रश्न वापरणाऱ्यांचे गुणही रद्द केले होते. माझे ७६ निदान माझे तरी आहेत. शिवाय निकाल पाहून तो कोणत्या कॉलेजला पाठवायचा ते आपणच ठरवतो, त्यामुळे तो कोणाला दाखवायची सक्ती नाही.

१६ दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते, पण मी घाई केली नाही. आता उरलेली अधिकृत सराव परीक्षा आणि एक वही, एवढंच. चुकलेल्या प्रश्नात मी निवडलेला पर्याय का मोहक वाटला, ते एका ओळीत लिहिते. संथ काम आहे, आणि बहुतेक ओळी एकच गोष्ट सांगतात: उताऱ्यात नसलेलं मी मनाने भरलं.

मैत्रिणीने काल क्लासची नवी जाहिरात पाठवली. यशस्वी विद्यार्थ्यांच्या रांगेत तिसरा फोटो माझा आहे. खाली लिहिलंय, व्हर्बल ७१ वरून ७६.