जुना बिझनेस लॅपटॉप: एलिटबुक ८३० जी५, रोजच्या वापरानंतर

बजेट पंचवीस हजारांच्या आत असेल आणि लॅपटॉप रोज खांद्यावर वागवायचा असेल, तर नव्याच्या मागे लागू नका. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेला बिझनेस मालिकेतला लॅपटॉप घ्या. हे मी एचपी एलिटबुक ८३० जी५ पावसाळ्याच्या सुरुवातीपासून रोज वापरून लिहिते आहे. माझं काम मुद्रितशोधन आणि भाषांतराचं. वर्ड, पीडीएफ, ब्राउझरचे भरपूर टॅब आणि मधूनमधून ऑनलाइन मीटिंग, एवढाच पसारा. गेम खेळणाऱ्यांना किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना याचा उपयोग नाही.

घेताना मी एकच हिशोब मांडला होता: नंतर काय बदलता येतं आणि काय येत नाही. रॅम (चालू कामासाठीची मेमरी) वाढवता येते, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) बदलता येते, बॅटरी नवी बसवता येते. वजन, कीबोर्ड आणि स्क्रीन मात्र जे मिळेल तेच. स्क्रीन बदलतात लोक, पण मग खर्चाचा मेळ बसत नाही. दुकानदार मात्र सुरुवात करतो ती ‘प्रोसेसर आय-फाइव्ह आहे, आय-सेव्हन आहे’ इथून. आपण स्क्रीनपासून सुरुवात करावी.

स्क्रीनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीत काम करणाऱ्यांना हा मुद्दा इतरांपेक्षा जास्त भिडतो. देवनागरीत शिरोरेघेच्या वर आणि खाली बरंच काही चाललेलं असतं. अनुस्वार, रफार, पहिली-दुसरी वेलांटी, उकार. १३६६ बाय ७६८ रिझोल्यूशनच्या चौदा इंची स्क्रीनवर इंचाला साधारण ११२ ठिपके येतात. माझ्या १३.३ इंची, १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर १६५ च्या आसपास येतात. एवढ्या फरकाने ‘द्ध’ आणि ‘ध्द’ अकरा पॉइंटातही झूम न करता वेगळे दिसतात. वेलांटीत अनुस्वार अडकून गडप होत नाही. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे ते बरंच कमी झालं. म्हणून दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःची एखादी मराठी फाइल न्या, ती लहान टायपात उघडा आणि तिरक्या कोनातूनही वाचून बघा. जुन्या कॉर्पोरेट लॅपटॉपमध्ये काही पॅनेल शेजाऱ्याला दिसू नये म्हणून मुद्दाम अरुंद कोनाची केलेली असतात. बँकेतल्या माणसाला ती सोयीची, पण घरी रोज वाचायला त्रासाची. मी असे दोन बाजूला सारून साध्या आयपीएस (तिरक्या कोनातूनही नीट दिसणाऱ्या) पॅनेलचा उचलला.

एक उणीव राहतेच. स्क्रीन १६:९ ची, म्हणजे आडवी ऐसपैस आणि उभी आखूड. मूळ प्रत आणि भाषांतर शेजारी-शेजारी उघडलं की दोन्हीकडे अर्धंच पान दिसतं. १६:१० ची स्क्रीन मिळत असेल तर दोन-तीन हजार जास्त द्यायला माझी हरकत नसती, पण माझ्या बजेटात तेव्हा ती बसली नाही.

वजन साधारण १.३३ किलो. कोथरूडहून वनाझ-रामवाडी मेट्रोने शहरात जाणं आणि तिथून पुढे पायी, हा माझा नेहमीचा रस्ता. पाठीवर हा, दोन शब्दकोश आणि डबा असूनही खांदा भरून येत नाही. खरी सुटका चार्जरने केली. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होतो, त्यामुळे जुना वीटेसारखा अडॅप्टर घरीच असतो आणि पिशवीत ६५ वॉटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, म्हणून आकाराने लहान) चार्जर, ज्यावर फोनही चालतो. लॅपटॉपचं वजन बघताना चार्जरचंही धरा, ते कुठल्याच जाहिरातीत छापत नाहीत.

बॅटरीचं सांगायचं तर जुन्या लॅपटॉपची बॅटरी दमलेली असणारच हे गृहीत धरा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता दोन्ही येतात. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे, लाजू नका. माझी साठ टक्क्यांच्या आसपास उरली होती, ते दाखवून मी किंमत कमी करून घेतली आणि त्या पैशांत भर घालून नवी बॅटरी टाकली. आता वर्ड आणि ब्राउझरवर साधारण सहा तास निघतात. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी सकाळचं काम अडत नाही.

प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोअरचा. माझ्या कामाला पुरून उरतो. पिढीचा आग्रह मात्र धराच. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी हीच ढोबळ सीमारेषा आहे. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप त्यामुळेच स्वस्त झालेत. त्यांवर ११ ‘टाकून देतो’ असं कुणी म्हटलं, तर ते मायक्रोसॉफ्टच्या नियमात बसणारं नसतं आणि पुढच्या अपडेटचा भरवसा राहत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, त्यांनी खुशाल घ्यावा.

रॅम आठ जीबी होती. आत दोन स्लॉट आहेत, दुसऱ्यात आठची आणखी एक पट्टी घातली आणि टॅब अडखळायचे थांबले. हे होतं म्हणूनच हे मॉडेल. बरेच पातळ लॅपटॉप रॅम बोर्डवरच डकवून येतात, तिथे जन्मभर तेवढ्यावरच भागवावं लागतं.

कीबोर्ड उत्तम. मी इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर) टंकते, बटणांवर मराठी अक्षरं नसली तरी अडत नाही. सवय नसेल तर विंडोजमध्ये मराठी फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टंकायची सोय) आहे. कॅमेरा ७२० पी, मीटिंगपुरता ठीक. फॅनचा आवाज मीटिंगमध्येच काय तो जाणवतो, एरवी नाही.

पुण्यात असा माल भरपूर आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्या ठरावीक वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि जुने व्यापाऱ्यांकडे येतात. पण कॉर्पोरेट माल म्हटला की एक तपासणी कधीही टाळू नका. चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जा, पासवर्ड मागतोय का बघा. मग दुकानदाराला समोर विंडोज नव्याने टाकायला सांगा आणि सुरुवातीलाच वायफाय जोडा. लॅपटॉप जुन्या कंपनीच्या खात्यातून काढलेला नसेल, तर त्या कंपनीचं लॉगिन पान समोर येतं. एका दुकानात माझ्यासमोर तसं आलं. ‘नेट न जोडता सेटअप करून देतो’ म्हणाले. मी तिथून निघाले. असा लॅपटॉप पुढे फॉरमॅट केला की पुन्हा त्याच पानावर अडतो.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून मागा. वॉरंटी दुकानाची असते, तेव्हा बॅटरी आणि चार्जर तीत धरले आहेत का, हे बिलावरच लिहून घ्या.