इम्बाइब की इन्स्टिल?

‘टीचर्स शुड इम्बाइब व्हॅल्यूज इन स्टुडंट्स’ हे वाक्य शाळांच्या अहवालांत सर्रास दिसतं आणि ते चुकीचं आहे. इम्बाइबच्या मुळाशी लॅटिन ‘बिबेरे’ म्हणजे पिणं; त्यामुळे इम्बाइब करतो तो घेणारा. मुलं मूल्यं इम्बाइब करतात, शिक्षक ती इन्स्टिल करतात. इन्स्टिलच्या मुळाशी लॅटिन ‘स्टिला’, म्हणजे थेंब. डोळ्यांत औषध घालण्यालाही इन्स्टिलच म्हणतात. मराठीत हा भेद किती चोख आहे: अंगी बाणणं आणि बाणवणं! इन्स्टिलला ‘इन’ लागतं, इम्बाइबला उगम सांगताना ‘फ्रॉम’.

पिण्याच्या अर्थी इम्बाइब बहुधा मद्यासाठी, तेही औपचारिक किंवा मिस्कील सुरात. चहाला साधं ‘ड्रिंक’. वनस्पतिशास्त्रात मात्र तो नेमका बसतो: भिजत घातलेले हरभरे पाणी इम्बाइब करून फुगतात.